डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची किडनी तपासताना या चुका टाळा

‘क्रिएटिनिन ०.८ आहे, किडनी ठणठणीत.’ न्यूरो आयसीयूच्या राउंडमध्ये हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं, की पुढे कुणी काही विचारतच नाही. (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने गाळला जाणारा टाकाऊ पदार्थ; आकडा डेसीलिटरला मिग्रॅमध्ये.) डोक्याला गंभीर मार लागलेला तरुण रुग्ण असेल, तर खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. पहिल्या आठवड्यात अशा बऱ्याच रुग्णांची किडनी गरजेपेक्षा जास्त वेगाने रक्त गाळत असते. क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते तो आकडा, शरीराच्या १.७३ चौरस मीटर क्षेत्रफळामागे मिनिटाला १३० मिलीच्या वर गेला, की त्याला ऑगमेंटेड रीनल क्लिअरन्स म्हणतात. लॅबचा रिपोर्ट तेव्हाही ‘नॉर्मल’च असतो. लेव्हेटिरासिटाम (झटक्यांचं औषध), व्हॅन्कोमायसिन, मेरोपेनेम (दोन्ही अँटिबायोटिक) मात्र लघवीवाटे भराभर निघून जातात. मग झटके थांबत नाहीत किंवा ताप उतरत नाही, आणि सगळे दोष औषधाला देतात.

समजा पुरुष, वय ४५, वजन ७५ किलो, उंची १७२ सेंमी, क्रिएटिनिन ०.८. वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून क्लिअरन्सचा अंदाज देणाऱ्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने आकडा येतो मिनिटाला १२४ मिली. हे सूत्र १९७६ चं, स्थिर रुग्णांवरून बेतलेलं. याच रुग्णाची ८ तासांची लघवी भरली १२०० मिली, म्हणजे मिनिटाला २.५ मिली. लघवीतलं क्रिएटिनिन डेसीलिटरला ४८ मिग्रॅ. ४८ गुणिले २.५, भागिले ०.८, उत्तर १५०. शरीराच्या क्षेत्रफळाला बसवलं तर १३७, सूत्राचा आकडा तसाच बसवला तर ११३. १३० च्या सीमारेषेच्या एकेका बाजूला एकेक. सीमा तपासायला बसवलेला आकडा घ्या, डोस ठरवायला न बसवलेला. ही सरमिसळ फार होते.

म्हणून लघवी गोळा करून मोजा. पण ज्या घाईने ती गोळा होते, त्यापेक्षा न मोजलेली बरी! वरच्याच रुग्णात बॅग ८ ऐवजी १० तासांनी रिकामी केली आणि भागाकार मात्र ४८० मिनिटांनीच केला, तर १५० चे १८७ होतात. मधल्या शिफ्टमध्ये ३०० मिली ओतून दिली आणि नोंद करायची राहून गेली, तर ११२ उरतात. दोन्ही आकडे बघायला अगदी खरे वाटतात, पंचाईत हीच. आणि ‘साधारण ८ तास’ असं लिहिणाऱ्याला हे कधी कळतही नाही.

पद्धत साधी आहे. सुरुवातीला नळीत अडकलेली लघवीसुद्धा बॅगेत उतरवा, बॅग पूर्ण रिकामी करा आणि घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहा. चौथ्या तासाच्या आसपास रक्त घ्या. शेवटी पुन्हा नळी निथळवा, माप बॅगेवरच्या रेघांवरून न घेता मोजपात्रात घ्या, सगळी लघवी ढवळा आणि मगच नमुना पाठवा. ८ ऐवजी ८ तास २० मिनिटं झाली तर बिघडत नाही, ५०० ने भागा. कॅथेटर धुतला किंवा बाजूने गळाला, तर ती बॅग फेकून नव्याने सुरू करा. उत्तर आल्यावर एक पडताळणी: २४ तासांत किलोमागे तरुण पुरुषात साधारण २० ते २५ मिग्रॅ आणि स्त्रीमध्ये १५ ते २० मिग्रॅ क्रिएटिनिन बाहेर पडतं. वरच्या उदाहरणात २३ येतं, म्हणजे गोळा नीट झालं. १२ आलं, तर आधी हरवलेली लघवी शोधा.

रक्ताचा रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये आणि लघवीचा मिलिमोलमध्ये असेल तर १००० ने गुणायला विसरू नका.

‘लघवी भरपूर आहे, म्हणजे किडनी चालतेय’ हीही लाडकी समजूत. मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल दिल्यावर लघवी वाढते, ती मॅनिटॉलमुळे. डायबिटिस इन्सिपिडसमध्ये (मधुमेह नव्हे; पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडतं तो विकार) तासाला किलोमागे ३ मिलीच्या वर पाण्यासारखी लघवी होते आणि सोडियम चढत जातं. या दोन्ही स्थितींत किडनी आतून बिघडत असली तरी लघवी तासाला किलोमागे ०.५ मिलीच्या खाली गेली की किडनीला इजा, हा निकष कधीच वाजत नाही. तिथे क्रिएटिनिनची चाल बघा: ४८ तासांत ०.३ ची वाढ. ०.५ चं ०.८ झालं तरी ती इजाच, रिपोर्टवर लाल खूण नसली तरी. मॅनिटॉल चालू असेल तर पुढच्या डोसच्या जरा आधी रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) पाठवा. मोजलेली आणि हिशेबाने आलेली यांतला फरक २० च्या वर गेला, तर मॅनिटॉल साचतंय, डोस थांबवून विचार करा.

मॅनिटॉल किंवा फ्युरोसेमाइडनंतर लघवीतल्या सोडियमवरून निदान करू नका, तो आकडा औषधाचा असतो.

लघवीच्या डिपस्टिकवर रक्त पॉझिटिव्ह आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी नाहीत, तर सीके (क्रिएटिन कायनेज, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाठवा. अपघातात चिरडलेले स्नायू डोक्याच्या सीटी स्कॅनमागे झाकले जातात.

क्रिएटिनिन रोज वर-खाली होत असेल, तर कॉक्रॉफ्ट-गॉल्टसारख्या सूत्रात ते घालू नका. ही सूत्रं स्थिर पातळी गृहीत धरतात.

पहिल्या दिवशी काढलेला क्लिअरन्स आठवडाभर वापरणं हा आळस आहे. दर ४८ तासांनी, आणि क्रिएटिनिन हललं तर लगेच, पुन्हा मोजा. तिसऱ्या आठवड्यात तर चित्र उलटतं. पडून राहून स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे ०.४ हा आकडा वेगवान किडनीचा नसून पातळ मांड्यांचा असू शकतो. तिथे लघवी गोळा करा किंवा सिस्टाटिन सी (स्नायूंवर फारसं न अवलंबणारी किडनीची रक्ततपासणी) बघा. स्टिरॉइड चालू असेल तर मात्र सिस्टाटिन सीही फसवं वाढतं.