वाळवी ओळखावी कशी आणि आवरावी कशी

कोकणात पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे घोंगावू लागले की आधी त्यांची कंबर पाहावी: मुंगीची कंबर बारीक असते व पुढचे पंख मोठे असतात, तर वाळवीचे अंग सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. इंग्रजीतील ‘व्हाइट अँट’ हे नाव म्हणूनच फसवे आहे, कारण वाळवी ही झुरळाच्या कुळातली. औषधाच्या डब्यावर मात्र ‘टरमाइट’ हाच शब्द शोधावा.

जांभ्याच्या भिंतीवर किंवा आंब्याच्या खोडावर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसल्यास ती मध्येच बोटभर खरवडावी; दोन-चार दिवसांत ओल्या मातीने ती पुन्हा सांधली गेली, तर आत वस्ती जिवंत आहे असे समजावे. वासा बोटाने ठोकून पाहावा, पोकळ आवाज आला तर तो बदलावाच. नुसते रॉकेल शिंपडणे व्यर्थ, कारण राणी जमिनीखाली सुरक्षित राहते. भिंतीलगतची ओल आणि लाकडांची रास आधी हटवावी, मगच जाणकाराकडून पायाभोवतीच्या मातीत औषध सोडवावे. विहीर जवळ असल्यास त्याला ते आधीच सांगावे.