पॅरिस फोटोला जाताय? मग या चुका टाळा

पहिली चूक इथे बसल्याबसल्याच होते. बऱ्याच जणांना वाटतं की पॅरिस फोटो म्हणजे कॅमेऱ्यांचं प्रदर्शन. अजिबात नाही! नवीन लेन्स हाताळून बघायची असेल तर फेब्रुवारीच्या शेवटाला जपानमधल्या योकोहामाचं सीपी प्लस हे कॅमेरा प्रदर्शन गाठा, जर्मनीतल्या कोलोनचं तसंच प्रदर्शन फोटोकिना तर २०२० पासून बंदच आहे. पॅरिसला नोव्हेंबरमध्ये जगभरच्या गॅलऱ्या येतात, प्रिंट विकायला, आणि त्यांच्यासोबत फोटोबुकवाले प्रकाशक.

व्हिसाचं शेवटच्या क्षणावर ढकलू नका. शेंगेनचा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि दिवाळी कधीकधी अगदी याच सुमारास येते त्यामुळे अपॉइंटमेंट मिळायची मारामार होऊ शकते.

पत्ता नीट बघा. हा फेअर २०११ पासून ग्रां पाले नावाच्या भव्य प्रदर्शन हॉलमध्ये भरायचा, मग दुरुस्तीमुळे २०२१ ते २०२३ आयफेल टॉवरजवळच्या तात्पुरत्या हॉलमध्ये गेला आणि २०२४ ला परत ग्रां पालेत आला, त्यामुळे जुनं काही वाचून गेलात तर भलतीकडेच पोचाल. मेट्रोचं स्टेशन शांझेलीझे-क्लेमांसो, लाइन १ किंवा १३.

आता मुख्य गोष्ट, बघायचं कसं. लोक पहिल्या रांगेपासून सुरू करतात, प्रत्येक स्टॉलवर दोन मिनिटं, आणि दुपारपर्यंत डोळे इतके थकतात की समोर कितीही भारी प्रिंट असली तरी काही दिसत नाही. त्यापेक्षा आधी एक भराभर फेरी मारा, आवडलेले स्टॉल नकाशावर खुणा करून ठेवा, मग बाहेर जाऊन कॉफी प्या आणि परत येऊन फक्त तेवढेच बघा. वर अख्खं काचेचं छत आहे, दिवसा फ्रेमच्या काचेवर चकाकी येते आणि काळ्या रंगातले बारकावे हरवतात, अशा वेळी जरा बाजूला सरकून तिरकं बघा नाहीतर संध्याकाळी परत या, नोव्हेंबरात पाचच्या आसपास अंधारच पडतो तिथे.

प्रिंटखालचं लेबल वाचायचा कंटाळा करू नका प्लीज. व्हिंटेज लिहिलंय म्हणजे फोटो काढला त्याच सुमारास केलेली प्रिंट, नंतर केलेली असेल तर तसं लिहितात, आणि ३/१० म्हणजे दहाच्या एडिशनमधली, म्हणजे त्या फोटोच्या ठरवून काढलेल्या दहाच प्रिंटांमधली, तिसरी. किंमत यावरच फिरते. विकत घ्यायचं नसलं तरी स्टॉलवरच्यांना बिनधास्त विचारा, गर्दी नसेल तर छान सांगतात.

मात्र स्वतःचा पोर्टफोलिओ घेऊन गॅलरीवाल्यांसमोर उभे राहू नका! त्यांनी स्टॉलसाठी बक्कळ पैसे मोजलेले असतात, ते विकायला आलेत. तुमचं काम दाखवायला रीतसर पोर्टफोलिओ रिव्ह्यू असतात, म्हणजे जाणकार बसून तुमचे फोटो बघतात, फ्रान्समधल्याच आर्लच्या फोटो महोत्सवात उन्हाळ्यात होतात तसे, तिथे नाव नोंदवा.

आणि फोटोबुकांचा भाग शेवटी उरलेल्या वेळेसाठी ठेवू नका, माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी खरा खजिना तोच. प्रिंट परवडत नाही पण पुस्तक परवडतं, वर कित्येकदा फोटोग्राफर स्वतः सही करायला बसलेले असतात, सह्यांच्या वेळा आधीच बघून ठेवा. इथल्या फोटोबुक अवॉर्डमध्ये २०१७ ला वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक आपल्या फोटोग्राफर दयानिता सिंग यांचं ‘म्युझियम भवन’ ठरलं होतं. फक्त ही पुस्तकं जाम जड असतात, जाताना बॅगेत तेवढी जागा आणि किलो मोकळे ठेवा.