जुनी जिप्सी घ्यायचीय? आधी गाडीखाली झोपा, बॉनेट नंतर उघडा

२०१९ ला मारुतीने जिप्सी बंद केली, आणि तेव्हापासून जुन्या जिप्सीचे भाव वरच चाललेत, त्याबरोबर भंगारात जायच्या लायकीच्या गाडीला चकाचक हिरवा रंग मारून विकणारेही वाढलेत. जिप्सीत इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), सीट, हूड सगळं बदलता येतं आणि पार्टही मिळतात. पण कागद आणि सडलेली चेसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) या दोन गोष्टींपुढे कुठलाही मिस्त्री हात टेकतो. विकणारा नेमकं उलट्या क्रमाने दाखवणार, आधी म्युझिक सिस्टीम, मग मोठे टायर, मग इंजिनचा आवाज ऐकवणार, तुम्ही मात्र आपला क्रम सोडू नका.

मॉडेलचं थोडक्यात बघून घेऊ. १९८५ ला आली ती एमजी ४१०, ९७० सीसीचं छोटं इंजिन आणि चार गिअर. १९९३ ला तिचा ट्रॅक रुंद केला, म्हणजे चाकं थोडी बाहेर आली आणि गाडी जरा स्थिर झाली, ती ४१० डब्ल्यू. १९९६ ला जिप्सी किंग आली, १३०० सीसी आणि पाच गिअर, आणि २००० ला किंगला १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन (कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवालं) मिळालं, ८० बीएचपीचं. रोज चालवायची असेल तर माझ्या मते सरळ एमपीएफआय किंग घ्या. ४१० दिसायला जास्त गोड आहे हे मान्य, पण घाटात मागून ट्रक हॉर्न मारतो तेव्हा तो गोडवा उतरतो.

आता कागद. आरसी हातात घ्या आणि गाडीचा चेसी नंबर, इंजिन नंबर स्वतः वाचून ताडून बघा, नुसता मोबाईलवरचा फोटो चालणार नाही. चेसीवर ठोकलेला नंबर गंजाने किंवा रंगाने दिसत नसेल तर वायर ब्रशने साफ करून पेन्सिलने प्रिंट घ्या. अक्षरं वेडीवाकडी असतील, किंवा त्या जागी पत्र्याचा वेगळा तुकडा वेल्ड केलेला दिसला तर चहा पिऊन घरी या. मग आरसीवर फ्युएल काय लिहिलंय ते बघा, कारण बऱ्याच जिप्सीत कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर अजून पेट्रोलच असतं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल मनाने करता येत नाहीत, आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी रजिस्टर होणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला क्लेम नाकारायला हे आयतं कारण मिळतं. इंजिन नंबर जुळत नसेल आणि विकणारा म्हणत असेल की होऊन जातं हो, एजंट करतो सगळं, तर त्याला सांगा की तुझ्याच एजंटकडून आधी करून दे मग पैसे देतो.

आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा आहे का तेही बघा. वीस वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज असतं पण बँकेचं नाव कुणी काढलेलंच नसतं, आणि मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ साठी चकरा तुम्हाला माराव्या लागतात. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर वरून फॉर्म २८ म्हणजे एनओसी. परराज्यातली, विशेषतः दिल्लीकडची स्वस्त दिसते, पण तिचा रोड टॅक्स महाराष्ट्रात परत भरावा लागतो, तो धरून हिशोब करा, तिकडचे जुन्या गाड्यांचे नियम सारखे बदलतात म्हणून एनओसी हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. १५ वर्षं झालेली गाडी परत पास करून घ्यावी लागते, ती ५ वर्षांसाठी होते, आपल्याकडे त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि २०२५ पासून २० वर्षांपुढच्या गाडीची फी अजून वाढलीय. कुणी म्हणेल की व्हिंटेजमध्ये घालू, तर तो नियम ५० वर्षांपुढच्या गाड्यांचा आहे, आणि सगळ्यात जुनी जिप्सीही अजून तिथवर पोचलेली नाही.

मिलिटरी डिस्पोजलच्या गाड्यांचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. त्या लिलावात सुटतात आणि नंतर सिव्हिल नंबर घ्यावा लागतो. ज्या गाडीला तो नंबर आधीच मिळालाय तीच बघा. नुसत्या लिलावाच्या पावतीवर मिळणारी गाडी स्वस्त असते कारण पुढचं सगळं दुखणं तुमच्या गळ्यात असतं.

कागद पास झाले की जुने कपडे घालून, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरा. चेसी बॉक्स सेक्शनची, म्हणजे आतून पोकळ आहे, ती आतून सडते, वरून काळा रंग मस्त दिसतो. हातोडीने हळू हळू ठोकत जा, चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या जागी मडकं फुटल्यासारखा बद्द येतो. मागचा आडवा क्रॉस मेंबर, पाट्यांचे हँगर आणि शॅकल जिथे चेसीला जोडलेत ती जागा, बॉडी माउंट म्हणजे बॉडी चेसीवर जिथे टेकते त्या जागा, एवढं तरी ठोकाच. कोकणातली किंवा समुद्राकाठची गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या. हँगरच्या आसपास चेसी गेली असेल तर सोडून द्या. भोकावर पट्टी मारून देतो म्हणणारे भेटतील, पण पट्टी धरायला आजूबाजूला लोखंड तर पाहिजे ना. बॉडीत मॅट उचलून फ्लोअर, मागच्या चाकांवरचा पत्रा, दरवाज्यांचा खालचा काठ आणि काचेची फ्रेम बघा. चुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे. बॉडीचा सडका पत्रा मला चालतो, डेंटर नवीन तुकडा टाकतो, फक्त भाव त्या हिशोबाने पाडायचा.

फोर बाय फोर चेक करायला मातीचं मैदान शोधा. डांबरावर फोर बाय फोर गुंतवून वळवायचंच नाही, जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो त्यामुळे पुढची मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. मातीत हाय आणि लो (कमी वेग, जास्त ताकद) दोन्ही टाकून बघा, पुढची चाकं खरंच ओढतायत का ते बाहेर उभ्या असलेल्या माणसाला बघू द्या. लो मध्ये पहिल्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा, असं चार पाच वेळा, लिव्हर उडून न्यूट्रलला येत असेल तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार. जिप्सीत ही केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटवर टांगलेली असते, मधे छोटा शाफ्ट असतो, आणि माउंट गेले की थरथर, खडखड सगळं तिथूनच येतं. हे काम स्वस्तात होतं, त्यामुळे आवाज ऐकून लगेच घाबरू नका.

पुढचा ॲक्सल हा जिप्सीचा खरा आजार. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर खाली धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा, खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या पिनवर डावी-उजवीकडे वळतं तिचं बेअरिंग. ठराविक स्पीडला, खड्डा लागला की स्टिअरिंग वेड्यासारखं थडथडतं ते बहुतेक वेळा या किंगपिनमुळे, आणि गॅरेजवाले नुसता स्टिअरिंग डॅम्पर बदलून पाठवतात, महिनाभर बरं वाटतं मग परत तेच. चाकामागच्या गोल नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) काळं पातळ तेल ओघळत असेल तर आतलं सील जाऊन डिफचं (डिफरन्शियलचं) तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. दोन्ही कामं एकदमच करा कारण नकल उघडायलाच अर्धी मजुरी जाते.

इंजिनवर मी मुद्दाम कमी बोलतोय. थंड असताना स्टार्ट करा, बॉनेटला हात लावून बघा की आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना. सुरू होताना निळा धूर, रेडिएटरमध्ये तेलाची साय, एवढं बघून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. किंगचं इंजिन मारुती एस्टीमच्याच घराण्यातलं आहे, त्यामुळे पार्टची बोंब होत नाही.

गाडी घेतली की लोक पहिल्यांदा पेंटरकडे जातात आणि तिथेच पैसे संपतात. पेंट शेवटी. आधी ब्रेक: व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, गंजलेले पाइप आणि रबरी होज सगळे नवीन. मग स्टिअरिंग आणि किंगपिन, मग टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, विकणारा काहीही सांगो, बेल्ट बदलायचाच. पेट्रोलच्या नळ्याही सगळ्या बदला, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर इथेनॉलने फुगतं, तडकतं, कार्बोरेटरवाल्या गाडीत तर आतल्या गॅस्केटसकट. टाकी उतरवून आतून धुऊन घ्या. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफचं तेल काढताना ड्रेन प्लगला काय चिकटलंय ते बघा, बारीक काळी पेस्ट चालते, चमकणारे तुकडे आले तर ते युनिट उघडा.

मग बॉडी उचलायची. बजेट असेल तर खरंच उचला, कारण बॉडी चेसीवर बसलेली असताना माउंटच्या वरची बाजू साफ होत नाही. चेसी सँडब्लास्ट करून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा, रात्रभर उघडी ठेवली तर पावसाळी हवेत सकाळी लाल झालेली असते. बॉक्सच्या आतून कॅव्हिटी वॅक्स फवारा आणि पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलीत ती मोकळी करा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, एमपीएफआय गाडीत ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर पण काढा, आणि टाकी गाडीवर असताना कुणालाही वेल्डिंगची मशीन चालू करू देऊ नका.

पाटे उतरवलेच आहेत तर बुश आणि शॅकल पिन नवीन टाका. जास्तीचे पाटे घालून गाडी उंच करायचा मोह होतो, पण जिप्सी आधीच आदळते, त्यात अजून पाटे घातले तर रिकामी गाडी बैलगाडीला लाजवेल. टायर मूळ २०५/७० आर १५ किंवा त्याच्या जवळपासचेच ठेवा, ४१० वर तर मोठे टायर टाकूच नका, ते इंजिन बिचारं तिसऱ्याच गिअरमध्ये दमतं.

सगळं जोडून झाल्यावर दोनतीनशे किलोमीटर चालवा आणि पाट्यांचे यू-बोल्ट, बॉडी माउंट, प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळा, पाटे बसले की यू-बोल्ट हमखास ढिले पडतात, आणि गॅरेजवाला हे स्वतःहून कधीच सांगत नाही.