टायर्ड ऑफ की टायर्ड फ्रॉम? विशेषणापुढच्या या चुका टाळा

ऐरोलीत घरीच संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते आणि दर बॅचला विशेषणापुढे ऑफ, टू, विथ असले शब्द लावतानाच्या त्याच त्या चुका ऐकून आता अगदी जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात जास्त खुपते ती टायर्ड ऑफ. माझा एक विद्यार्थी, राहायला कळव्याला, नोकरी महापेला. सलग दोन आठवडे नाइट शिफ्ट, त्यात ठाण्याला गाडी बदलून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, पोरगं पार थकलेलं. त्याने मॅनेजरला मेल टाकला, 'आय अ‍ॅम टायर्ड ऑफ वर्क, प्लीज गिव्ह मी टू डेज लीव्ह.' त्याला म्हणायचं होतं कामाने दमलोय, मॅनेजरने वाचलं कामाचा वीट आलाय! केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, दुसरीकडे जॉब बघतोयस का? दमलात तर टायर्ड फ्रॉम, कंटाळलात तर टायर्ड ऑफ, एवढाच फरक. माझ्याकडे आला तेव्हा रडकुंडीला आलेला. मोबाइलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली शंभर विशेषणांची पीडीएफ होती, त्यात टायर्डसमोर नुसतं ऑफ, अर्थ कुठेच नाही. असल्या पीडीएफ डिलीट करा, खरंच सांगते.

दुसरं म्हणजे मराठीतला प्रत्यय उचलून तसाच इंग्रजीत ठेवायचा. आई माझ्यावर रागावली, म्हणून 'अँग्री ऑन मी'. असं नसतं, माणसाचा राग आला तर अँग्री विथ, गोष्टीचा आला तर अँग्री अबाउट. गणितात हुशार म्हणून 'गुड इन मॅथ्स' म्हणतात, तिथे गुड अ‍ॅट हवं. 'सीनियर दॅन मी' पण नको, सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हे लॅटिनमधून आलेले, त्यांच्या पोटातच 'पेक्षा' आहे, पुढे टू लागतं.

डिपेंडंट ऑन, पण इंडिपेंडंट ऑफ. हे पाठच करा.

इंटरव्ह्यूला 'इंटरेस्टेड टू जॉइन' म्हणू नका, इंटरेस्टेड इन जॉइनिंग म्हणा. इंटरेस्टेड टू नो मात्र चालतं.

'मॅडम, पंधरा दिवसांत होईल ना?' असं पहिल्याच दिवशी विचारतात, मी स्पष्ट सांगते की नाही होणार. मी स्वतः वहीत रोज दोनच विशेषणं लिहायचे, आणि प्रत्येकाला घरातलंच वाक्य. मुलगा पालीला घाबरतो, म्हणून 'माय सन इज अफ्रेड ऑफ लिझर्ड्स'. पाल दिसली की तो किंचाळायचा आणि मी ते वाक्य मोठ्याने म्हणायचे, त्यामुळे अफ्रेडच्या पुढे ऑफ आपोआप येतं, आठवावं लागत नाही. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, उघडा, तिथे विशेषणाबरोबरच पुढचा शब्द उदाहरणासकट दिलेला असतो.

आणि हो, मॅरीड विथ. नवरा किंवा बायको सांगायची तर मॅरीड टू. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' हे बरोबर आहे, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत.