पगारात भाडं बसतं का? मुंबईत नव्याने येणाऱ्यांसाठी

हातात 22,000 येत असतील तर अंधेरीत स्वतंत्र खोली मिळणार नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे दोन रविवार दलालाच्या मागे फिरून चपला झिजणार नाहीत.

पगार आणि भाडं शेजारी शेजारी लिहून गणित सुटत नाही. नालासोपाऱ्यात 9,000 ची खोली धरा. 40,000 डिपॉझिट, 9,000 दलाली, 9,000 पहिल्या महिन्याचं भाडं, शिवाय कराराचा खर्च. म्हणजे आत पाऊल टाकायलाच साठेक हजार हवेत, तेही पहिला पगार व्हायच्या आत. आपली पोरं भाड्यात अडत नाहीत, ती इथे अडतात. मग गावाकडे फोन, सोसायटीचं कर्ज, आईच्या पाटल्या.

म्हणून पहिलं वर्ष एकट्याने घर घेऊ नका. चौघांत एक खोली घ्या, नाहीतर कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेपुरतं भाडं देऊन राहा. कोकणातले किंवा घाटावरचे असाल तर लालबाग-परळकडे तुमच्या गावच्या मंडळाची खोली अजून चालू आहे का, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. गिरणी कामगारांनी पाळीपाळीने झोपून तिथेच दिवस काढले. आता मात्र आपल्याच पोरांना गावकीच्या खोलीची लाज वाटते. स्टेटसला वन बीएचके दिसला पाहिजे ना!

लांब राहणं परवडतं ते लोकलमुळे. चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर, तरी सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शेकड्यांत येतो. पण घर स्टेशनपासून लांब असेल तर शेअर रिक्षाचा महिन्याचा खर्च पासाच्या वर जातो. खोली 1,000 ने स्वस्त म्हणून उड्या मारू नका, आधी स्टेशनपासून चालत जाऊन बघा.

आता हेवी डिपॉझिट. हात जोडून सांगतो, यात पडू नका. चार-पाच लाख एकरकमी द्या आणि भाडं न देता राहा, असा हा प्रकार. ऐकायला गोड. आमच्या मजल्यावर लातूरकडच्या एका कुटुंबाने जमिनीचा तुकडा विकून असे पैसे भरले. सहा महिन्यांनी दारावर बँकेची नोटीस चिकटली. मालकाने घरावर कर्ज काढून हप्ते थकवले होते. ताई म्हणत होत्या, "कर्ज आमचं नाही हो." बँकेच्या माणसाने एवढंच विचारलं, "रजिस्टर करार आहे?" यांच्याकडे होता नोटरीचा शिक्का मारलेला 500 चा स्टँप पेपर. मालकाचा फोन बंद, दलाल म्हणतो मी फक्त ओळख करून दिली.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी. खर्चही फार नाही: वर सांगितलेल्या 9,000 च्या खोलीला मुद्रांक शुल्क तीनशेच्या आत-बाहेर आणि नोंदणी फी 1,000. अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. एवढं वाचवायला लाखो रुपये टांगणीला लावणारी शिकलेली माणसंही मी बघतो.

डिपॉझिट देण्याआधी मालकाचा इंडेक्स टू, म्हणजे घर त्याच्या नावावर नोंदल्याचा सरकारी उतारा बघा, घरावर कर्ज आहे का ते तोंडावर विचारा. इमारतीची ओसी, म्हणजे राहायला परवानगी दिल्याचा पालिकेचा दाखला मागा. घरपट्टीची पावती आहे म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही. नालासोपाऱ्यात 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत हायकोर्टाच्या आदेशावरून 41 बेकायदा इमारतींवर हातोडा पडला, तिथे राहणारेही गाफीलच होते.

बॅचलर नको, मटण-मासे नको, हे मराठी मुलखात मराठी माणसाला ऐकावं लागतं. राग येतो, पण खोटं बोलून शिरू नका. तळलेल्या बोंबलाचा वास जिन्यात पोचतोच.

पाणी किती वाजता येतं ते मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा. पोलिसांत भाडेकरूची माहिती दिल्याची पोच घ्या.

अकरा महिन्यांनी करार वाढवताना दलाल पुन्हा दलाली मागेल, तेव्हा तोंड उघडून घासाघीस करा. किल्ली घेतानाच भिंती, नळ, फरशा यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटला कात्री लावतात, तेव्हा तेच फोटो कामाला येतात.