ओपन सोर्स डेटा कॅटलॉगमध्ये फ्रंट-एंडवाल्यांनी सुरुवात कुठून करायची : माझा अनुभव

मी कळव्याला राहते, नोकरी ऐरोलीला, फ्रंट-एंडमध्ये, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाच्या कोडमध्ये, तीन वर्षं झाली. गेलं सव्वा वर्ष एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) डेटा कॅटलॉगवर काम करतेय, आतापर्यंत माझ्या ९ पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव, मर्ज झाल्यात. कॉलेजची ज्युनियर मुलं सारखी विचारतात, ताई सुरुवात कशी केलीस, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. प्रोजेक्टचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातलं जवळपास सगळं कुठल्याही कॅटलॉगला लागू पडतं आणि मला तुम्ही नाव बघून नाही तर काम बघून प्रोजेक्ट निवडावा असं वाटतं.

आधी डेटा कॅटलॉग म्हणजे काय ते. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे, तिथे पुस्तक हवं असेल तर आपण सगळी कपाटं उघडत बसत नाही, यादी बघतो, लेखक बघतो, पुस्तक कुठे आहे ते बघतो. मोठ्या कंपनीत डेटाचं तसंच असतं, हजारो टेबलं, त्यात कस्टमर मास्टर, कस्टमर मास्टर न्यू, कस्टमर मास्टर फायनल, आणि खरं कुठलं ते फक्त एका माणसाला माहीत, तो माणूस सोडून गेला की झालं. कॅटलॉग सांगतो की हे टेबल कोणाचं, त्यात कॉलम काय, डेटा कुठून आला नि पुढे कुठल्या रिपोर्टला जातो. या शेवटच्या गोष्टीला लिनिएज म्हणतात. ओपन सोर्समधली माहितीतली नावं म्हणजे लिंक्डइनने २०२० मध्ये खुला केलेला डेटाहब, लिफ्ट या कॅब कंपनीचा २०१९ चा अमुंडसन, आणि २०२१ मध्ये आलेला ओपनमेटाडेटा. तिन्हींचं फ्रंट-एंड रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, म्हणजे आपल्याला येतं तेच.

पण येतं तेच आहे म्हणून थेट गुड फर्स्ट इश्यूच्या (नवख्यांसाठी सोप्या कामांच्या) लेबलवर तुटून पडू नका. मी तेच केलं होतं. पहिले दोन महिने मी फक्त लेबल बघायचे, इश्यूवर जाऊन मला असाइन करा लिहायचे, आणि तिथे माझ्याआधी सहा जणांनी तेच लिहिलेलं असायचं.

गाडी पुढे सरकली ती मी कॅटलॉग स्वतः वापरायला लागल्यावर. माझा लॅपटॉप ८ जीबीचा, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) डेटाबेस, शोधासाठीचं इलास्टिकसर्च आणि सर्व्हर एकत्र चालू केले की तो जागच्या जागी थिजायचा. मग दादाच्या १६ जीबीच्या डेस्कटॉपवर सगळं बॅकएंड, म्हणजे ही मागची यंत्रणा, ठेवलं आणि घरच्या वायफायवरून लॅपटॉपच्या डेव्ह सर्व्हरचा प्रॉक्सी तिकडे वळवला, म्हणजे लॅपटॉपवरचं पान डेटा तिकडून मागायला लागलं. ज्यांच्याकडे दुसरं मशीन नाही त्यांनी घाबरू नका, युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्यांच्या चाचण्या) चालवायला बॅकएंड लागत नाही, मी कितीतरी काम जेस्ट या नुसत्या टेस्टच्या साधनावर ऐरोलीच्या गाडीत बसून केलंय. क्लोन करताना, म्हणजे कोडची प्रत उतरवताना, डेप्थ १ द्या, नाहीतर प्रोजेक्टचा सगळा इतिहास उतरवण्यातच दिवसाचा मोबाइल डेटा संपेल.

आता आत डेटा तर हवा. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, मेंटेनन्सचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवतात, तो मी माणसांची नावं काढून मायएसक्यूएलमध्ये टाकला आणि कॅटलॉगला जोडला. कॉलमची माहिती बाबांनीच मराठीत सांगितली, टॅगही मराठीत दिले. एक टॅग होता ‘सदनिकेचं क्षेत्रफळ’. स्क्रीनवर तो आला ‘सदनिकेचं क्षेत्...’ असा. ‘त’च्या खाली हलन्त (पाय मोडल्याची खूण) लोंबकळतोय, पुढे तीन टिंबं. आणि त्याच पट्टीत ‘थकबाकी’ची वेलांटी वरून कापलेली, नीट बघितल्याशिवाय शेवटी ‘का’ आहे की ‘की’ ते कळेना.

बाबा म्हणाले, अगं हे अर्धवट का लिहिलंयस? मी म्हटलं मी नाही लिहिलं. आणि मग कोड उघडून बसले.

दोन वेगवेगळ्या चुका होत्या. पहिली, कोणीतरी लांब नाव १५ कॅरेक्टरवर स्लाइसने (मजकूर मोजून तोडणारी जावास्क्रिप्टची आज्ञा) कापलं होतं. इंग्रजीत एक कॅरेक्टर म्हणजे एक अक्षर, चालून जातं. देवनागरीत ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी ७ सांगतं : क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. आमचा टॅग कापला गेला तो बरोबर त आणि हलन्ताच्या पुढे, र राहिला बाहेर. दुसरी चूक सीएसएसमधली, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधली, टॅगची उंची ठरवून दिलेली, लाइन-हाइट (ओळीची उंची) १ आणि ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाईल ते झाकायचं. आपल्या लिपीला डोक्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि पायाखाली उकार लागतात, त्यांना जागाच ठेवली नव्हती.

बदल एवढाच की स्लाइस काढून कापायचं काम सीएसएसच्या टेक्स्ट-ओव्हरफ्लोला दिलं, उंची मोकळी सोडली, लाइन-हाइट १.५ केली, पूर्ण नाव टूलटिपमध्ये, म्हणजे माउस नेल्यावर दिसणाऱ्या पट्टीत. एकूण ११ ओळी. पण रिव्ह्यू तीन आठवडे चालला आणि मी सर्वात जास्त त्यातच शिकले. रिव्ह्यूअरने विचारलं टेबलच्या रो उंच होतात का, मी रो मोजून आकडे दिले. मग म्हणाला थाई आणि अरबी दाखव. थाईतही खुणा एकावर एक चढतात, ती माझ्या डोक्यातच नव्हती. मग टेस्ट लिहायला सांगितली. पुल रिक्वेस्टमध्ये आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावा, समोरच्याला आपली लिपी वाचता येत नाही, त्याला चित्रानेच पटतं.

त्याआधी एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एका टाइपमध्ये (डेटात कुठले रकाने असतील त्याची व्याख्या) एक फील्ड हवं होतं म्हणून टाइपस्क्रिप्टची फाइल हाताने बदलली, पुढच्या बिल्डला बदल गायब. या प्रोजेक्टांत टाइप बरेचदा आपोआप तयार होतात, ओपनमेटाडेटात जेसन स्कीमावरून (स्कीमा म्हणजे डेटाचा मूळ आराखडा), डेटाहबमध्ये ग्राफक्यूएलवरून. जनरेटेड नावाचा फोल्डर किंवा फाइलच्या डोक्यावर तशी सूचना दिसली की हात लावायचा नाही, मूळ स्कीमात जायचं. तसंच बटणावरचा मजकूर कंपोनंटमध्ये थेट लिहायचा नाही, भाषांच्या फाइलीत त्याची ‘की’ (key), म्हणजे मजकुराचं खुणेचं नाव, टाकायची. ओपनमेटाडेटाच्या भाषांच्या फाइलींत मराठीचीही आहे, कोड येत नसला तरी ती वाचून भाषांतर सुधारणं हे खरंखुरं काम आहे, आणि ते आपल्यापेक्षा चांगलं कोण करणार?

पहिल्या पुल रिक्वेस्टला सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हललंच नाही तर गोंधळू नका, नवीन माणसाचा कोड असेल तर गिटहबवर मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, मंजुरी दिल्याशिवाय टेस्ट सुरू होत नाहीत. मी चार दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसले होते. उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांबून एकच नम्र कॉमेंट टाका, रोज नको, समोरचा माणूस नोकरी सांभाळून हे करत असतो.

नोकरीचं विचाराल तर, मागच्या इंटरव्ह्यूमध्ये मी ती ११ ओळींचीच पुल रिक्वेस्ट उघडून दाखवली. बाईंनी कोड दोन मिनिटं बघितला आणि रिव्ह्यूच्या कॉमेंट अर्धा तास, कुठे तू ऐकलंस, कुठे मुद्दा सोडला नाहीस, का. सर्टिफिकेटांबद्दल एक प्रश्न आला नाही.

सध्या लिनिएजच्या ग्राफवर माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डने फिरता यावं हे काम घेतलंय. टॅब दाबला की फोकस कुठून कुठे उडतो ते वहीत लिहून काढतेय, ११ नोड (ग्राफमधले चौकोन) झाले, अजून बाणांवर क्लिक केल्यावर उघडणारा पॅनल बाकी आहे.