लोक नाराज आहेत, मग सत्ता का जात नाही? निवडणुकीचा अंदाज बांधताना या चुका टाळा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोण होणार, हा प्रश्न सोलापुरात आता गप्पांपुरता राहिलेला नाही. इथले टेरी टॉवेल परदेशी जातात. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं अमेरिकी शुल्क 50 टक्क्यांवर गेलं, तेव्हा तिथल्या मतदाराचा कौल आपल्या यंत्रमागापर्यंत कसा पोचतो हे सगळ्यांना कळलं. पुढची निवडणूक नोव्हेंबर 2028 मध्ये आहे. तिचा अंदाज बांधताना बहुतेकांचा हिशेब एकच असतो: लोक वैतागलेत, म्हणजे सत्ता उलटणार. लोकसभेला आणि महापालिकेलाही आपण हाच हिशेब लावतो आणि तो वारंवार फसतो. त्यात नुसती पैज हरत नाही. लोकांचं नेमकं काय दुखतंय, तेही आपण चुकीचं वाचलेलं असतं.

राग मोजला, पण तो कुणावर आहे हे विचारलंच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. उजनी धरणात पाणी असूनही सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्याचा राग खरा आहे आणि तो घरोघरी आहे. पण तो महापालिकेवर आहे, आमदारावर आहे, खासदारावर आहे, की ‘कुणीही आलं तरी हेच’ असा आहे? या चार उत्तरांतून चार वेगळे निकाल निघतात. 2024 च्या जूनमध्ये सोलापूर लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे सुमारे 74 हजार मतांनी जिंकल्या. त्याच नोव्हेंबरात शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण या तिन्ही विधानसभा जागा भाजपकडे गेल्या. नळाचं पाणी तेच होतं. पण मधल्या सहा महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये सुरू झाले होते, उमेदवार वेगळे होते आणि मतदारापुढचा प्रश्नही वेगळा होता.

अमेरिकेतही हेच दिसतं. 2012 मध्ये बेरोजगारी आठ टक्क्यांच्या जवळपास होती, तरी बराक ओबामा पुन्हा निवडून आले. आर्थिक संकटाचं खापर अनेक मतदार तोवरही आधीच्या सरकारवर फोडत होते. 2024 मध्ये उलट झालं. जून 2022 मध्ये 9.1 टक्क्यांवर गेलेली महागाई निवडणुकीपर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आली होती, म्हणून लोक शांत झाले असतील असं अनेक जाणकारांना वाटलं. पण महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं होत नाही, भाव फक्त हळू वाढू लागतात. गिऱ्हाईक टक्केवारी बघत नाही, चार वर्षांपूर्वीचं किराणा बिल आठवतं. सत्ताधारी पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस अटीतटीची सातही राज्यं हरल्या.

म्हणून ‘तुम्ही समाधानी आहात का?’ एवढंच विचारून थांबू नका. याला जबाबदार कोण, समोरचा आला तर बदलेल असं वाटतं का आणि मतदानाला जाणार का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय नाराजीचा आकडा कुणालाही सांगू नका.

नाराज मत आपोआप विरोधकाच्या खात्यात टाकणं

2019 च्या लोकसभेला सोलापुरात भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुमारे 1 लाख 58 हजारांनी जिंकले, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे दुसरे आले आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना सुमारे 1 लाख 70 हजार मतं पडली. तेव्हापासून ‘वंचित नसती तर’ ही बेरीज आपण ऐकत आलोय. ती बेरीज तिसऱ्याचं प्रत्येक मत दुसऱ्याचंच होतं असं धरून चालते. फरक आणि तिसऱ्याची मतं इतकी जवळ असताना तर त्यातली जवळजवळ सगळीच शिंदेंकडे जायला हवी होती. 1992 मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास 19 टक्के मतं मिळाली आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश बिल क्लिंटनकडून हरले, तेव्हा तिकडेही हेच म्हटलं गेलं. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत मात्र पेरो यांच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळपास सारखी विभागलेली निघाली.

कधी राग दोन्ही मोठ्या पक्षांना ओलांडूनही जातो. श्रीलंकेत 2019 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अनुरा कुमारा दिसानायके यांना तीन टक्क्यांच्या आसपास मतं होती. 2022 मध्ये देशाची तिजोरी रिकामी झाली, पेट्रोलला रांगा लागल्या, राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. 2024 मध्ये तेच दिसानायके 42 टक्के मतं घेऊन पहिले आले आणि दुसऱ्या पसंतीच्या मोजणीनंतर राष्ट्राध्यक्ष झाले. मागच्या निवडणुकीचे आकडे थोडे खाली-वर करून हा अंदाज कुणालाच बांधता आला नसता.

देशभराची टक्केवारी बघून राज्यांचा निकाल लावणं

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला 538 पैकी 270 इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांच्या वाट्याची मतं लागतात आणि ती राज्यवार मिळतात. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 29 लाख मतं जास्त होती. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून जेमतेम 78 हजारांनी गेली आणि राष्ट्राध्यक्षपदही गेलं. तेव्हा देशपातळीवरचे सर्व्हे फारसे चुकले नव्हते. चुकले ते राज्यांचे, कारण त्यातल्या अनेकांत कॉलेज न शिकलेले मतदार कमी आले होते आणि ते प्रमाण दुरुस्त केलं नव्हतं.

जे भेटले त्यांनाच जनता समजणं

1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, 23 लाखांवर परत आल्या आणि अंदाज निघाला की राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्याविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार. रुझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. यादी टेलिफोन आणि मोटारवाल्यांची होती आणि उत्तर पाठवायची हौस चिडलेल्यांनाच जास्त होती. आजचा व्हॉट्सॲप ग्रुपवरचा पोल याच जातीचा आहे.

सोलापुरात नवी पेठ आणि जुळे सोलापूर फिरून शहराचा कल सांगणारे पुष्कळ आहेत. पूर्व भागात तेलुगूत विचारलं का? अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमध्ये, विजापूर वेशीत उर्दूत? कुंभारीच्या वसाहतीतल्या विडी कामगार बाईला नवरा शेजारी उभा असताना विचारलं, तर उत्तर बहुतेकदा नवऱ्याचं मिळतं. ती विड्या द्यायला कारखान्यावर जाते तेव्हा तिला एकटीला गाठा आणि आधी कामाचं, मजुरीचं बोला. मत शेवटी विचारा.

दहा सर्व्हे एकच सांगतात म्हणून निर्धास्त होणं

1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोल भाजपच्या एनडीए आघाडीला 350 जागांच्या वर नेत होते, मिळाल्या 293. सगळे एकाच बाजूला चुकले होते आणि अशा वेळी सरासरी काढून काहीच सुधारत नाही. 2016 मध्ये ट्रम्प यांना जिंकण्याची शंभरात सुमारे 29 शक्यता देणारा अंदाजही होता. लोकांनी तो ‘हरणार’ असा वाचला. निर्यातदारांना कळकळीने सांगणं आहे: निकालाच्या भरवशावर सूत भरू नका, ऑर्डरचे दर दोन्ही निकाल धरून काढा. नवे राष्ट्राध्यक्ष शपथ 20 जानेवारीला घेतात, तोवर अडीच महिने हातात असतात.

निकालानंतर अंदाज विसरून जाणं

अंदाज आधी तारीख घालून लिहून ठेवा, कारणासकट. आपल्याकडची निवडणूक असेल तर निकालानंतर ‘नमुना 20’ मिळवा, त्यात मतदान केंद्रवार मतं असतात. ज्या वस्तीत सगळ्यात जास्त संताप ऐकला, त्या केंद्रांवर आधी किती मतदान झालं होतं आणि आता किती झालं, ते लावून बघा. मतदान घसरलं असेल तर राग घरीच बसला. वाढूनही सत्ताधाऱ्याला गेलं असेल, तर पुन्हा त्या वस्तीत जाऊन विचारायला हवं.